जायकवाडी ते नळ : मधल्या 40 किलोमीटरची पार्श्वभूमी

2022 चा मे महिना. औरंगाबादच्या सिडको-हडकोत सात-आठ दिवसांआड पाणी येत होतं. 23 मे रोजी शहरात जलआक्रोश मोर्चा निघाला, देवेंद्र फडणवीस त्यात पुढे होते. त्याच सुमारास महापालिकेने वार्षिक पाणीपट्टी 4,050 रुपयांवरून 2,025 वर आणली. पाणी मात्र वाढलं नाही. आणि नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, तेव्हा आटलेला नव्हता, आदल्याच पावसाळ्यात धरण भरून दरवाजे उघडावे लागले होते.

इथे एक साधा हिशेब मांडला पाहिजे. जायकवाडीचा उपयुक्त साठा सुमारे 76 टीएमसी (अब्ज घनफूट), शिवाय 26 टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी न वापरलं जाणारं पाणी. शहरासाठी रोज 150 दशलक्ष लिटर उचललं, तरी वर्षाला दोन टीएमसीसुद्धा होत नाही. म्हणजे बहुतेक वर्षी शहराची तहान धरणामुळे अडत नाही. ती अडते पैठण ते शहर या सुमारे 40 किलोमीटरमध्ये.

या शहराला पाणी आणण्याची विद्या नवी नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवली आणि नहर-ए-अंबरी खोदली. उत्तरेच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून उताराने शहरात यायचं. पंप नाही, वीजबिल नाही. पाणचक्कीचं जातं याच विद्येवर फिरलं. पुढे हर्सूल तलावाची जोड मिळाली. दोन्ही उद्भव, म्हणजे पाण्याचे स्रोत, शहराच्या वरच्या अंगाला, आणि दोन्ही शहराच्या ताब्यातले.

जायकवाडीने हे सगळं उलटं केलं. 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींनी लोकार्पण. धरण मुख्यतः सिंचनासाठी: डावा कालवा 208 किलोमीटर, उजवा 132. शहर त्यातलं एक छोटं गिऱ्हाईक. पाणी शहरापेक्षा खालच्या पातळीवर, त्यामुळे प्रत्येक थेंब पंपाने वर चढवायचा. 1970 च्या दशकात 700 मिलिमीटर व्यासाची वाहिनी आली, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला 1400 मिलिमीटरची. 1991 च्या जनगणनेत शहर पावणेसहा लाखांच्या घरात होतं. 2011 मध्ये पावणेबारा लाख. माणसं दुप्पट झाली, वाहिन्या त्याच राहिल्या.

त्या वाहिन्यांचं काय झालंय ते पैठण रोडने जाताना दिसतं. एअर व्हॉल्व्हमधून पाण्याची चिळकांडी उडत असते आणि त्याखाली कुणीतरी घागर लावून बसलेलं असतं, कारण त्याच्या वस्तीला नळच नाही. पंपगृहाची वीज पंधरा मिनिटं गेली, तरी शहराचं वेळापत्रक अख्खा दिवस कोलमडतं. वाहिनीतला दाब उतरतो, पंप एकेक करून चालू करावे लागतात, फारोळ्याला शुद्धीकरण होऊन नक्षत्रवाडीच्या टाकीत पातळी चढायला तास जातात. तोवर ज्यांची पाळी होती त्यांची पुढे ढकलली जाते. मग पहाटे तीनला मोटार लावायला उठलेली बाई बटण दाबते आणि नळातून नुसती हवा येते. गुंठेवारीतल्या, म्हणजे गुंठ्याने विकलेल्या जमिनीवरच्या विनापरवाना वस्त्यांतल्या, दारापुढच्या निळ्या ड्रमांना तर वेळापत्रकही नाही. टँकर आला की पाणी.

मला वाटतं, पाइपाच्या वयापेक्षा मोठा प्रश्न मालकीच्या साखळीचा आहे. धरणातलं पाणी जलसंपदा विभागाचं, 1998 पासून गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडे. त्याचे ठोक जलदर राज्याचं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं. पंप आणि जुन्या वाहिन्या महापालिकेच्या. वीज महावितरणची. नवी योजना बांधायची महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने. यातला प्रत्येक जण आपापल्या तुकड्यापुरतं उत्तर देतो. नळाला पाणी का नाही, या अख्ख्या प्रश्नाला बांधील असा कुणी नाही.

ही साखळी एका हाती देण्याचा प्रयत्नही झाला. समांतर जलवाहिनी योजनेत 2011 मध्ये खासगी कंपनीशी करार झाला आणि सप्टेंबर 2014 मध्ये शहराचा पाणीपुरवठा तिच्याकडे गेला. दरवर्षीची दरवाढ करारातच होती. लोकांना वाढलेली पट्टी दिसली, वाहिनी दिसली नाही. 2016 मध्ये महापालिकेने करार मोडला. त्या वादात गेलेली वर्षं परत मिळाली नाहीत, आणि माझ्या लेखी सगळ्यात महागडं नुकसान तेच.

त्याच 2016 मध्ये लातुरात मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तिथे उद्भवच आटला होता. या धक्क्यातूनच 11 धरणं जोडणाऱ्या मराठवाडा वॉटर ग्रिडची चर्चा वाढली, इस्रायलच्या मेकोरोट कंपनीकडे आराखडाही गेला. पण ग्रिडनेसुद्धा गावाच्या वेशीपर्यंतच पाणी येणार होतं. वेशीच्या आतला प्रश्न तसाच.

राजकारणाचं लक्ष मात्र कायम वरच्या अंगाला. गोदावरीच्या वरच्या आणि खालच्या धरणांतल्या पाणीवाटपावरचा मेंढेगिरी समितीचा अहवाल, 2014 चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश, नाशिक-नगरच्या धरणांतून 2015, 2018 आणि 2023 मध्ये जायकवाडीत सोडलेलं पाणी. समन्यायी वाटपाची ती लढाई रास्तच आहे, शेतीसाठी तर जीवनमरणाची. पण वरून आलेलं पाणी शहरात न्यायला त्याच दोन जुन्या वाहिन्या होत्या, हे त्या गदारोळात कुणी फारसं बोललं नाही.

12 डिसेंबर 2020 रोजी उद्धव ठाकरे यांच्या हस्ते 1,680 कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं. पुढे ती शहरी पाणीपुरवठ्यासाठीच्या केंद्राच्या अमृत-2 योजनेत गेली आणि खर्च 2,740 कोटींवर पोचला. मुख्य वाहिनी 2500 मिलिमीटरची, म्हणजे दोन्ही जुन्या वाहिन्यांच्या तोंडांच्या एकत्रित क्षेत्रफळाच्या अडीचपट. त्यात उभा माणूस सहज मावतो. पैठण रस्त्याचं चौपदरीकरण आणि ही वाहिनी एकाच पट्ट्यात आली, तेव्हा रस्तेवाले आणि पाणीवाले यांच्यात जागेवरून वाद पेटला. शेवटी जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने कामावर देखरेख सुरू केली. किती मीटर पाइप टाकला, जॅकवेल, म्हणजे धरणातलं पाणी उचलायची विहीर, कुठवर आलं, याचा हिशेब न्यायमूर्तींपुढे द्यावा लागू लागला.

दरम्यान 2024 च्या सप्टेंबरात नाथसागर पुन्हा काठोकाठ भरला. दरवाजे उघडल्यावर पैठणला बघ्यांची गर्दी उसळली. शहरातल्या मोबाइलवर त्या पाण्याचे व्हिडिओ फिरत होते, आणि गल्लीच्या ग्रुपवर लाइनमनला तोच जुना प्रश्न विचारला जात होता: भाऊ, आपलं पाणी कधी?