गावातली टाकी कोणाच्या पैशातून: सीएसआर की खनिज निधी?

पुण्याहून वाघोली ओलांडून लोणीकंद, भावडीच्या बाजूला वळलं की खडी क्रशर दिसू लागतात. भुकटी शेवग्याच्या पानांवर बसते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. हिंजवडीचे टॉवर असोत की रिंग रोड, दगड लागतोच, आणि तो अशाच कुठल्या तरी गावाच्या डोंगरातून येतो. त्या गावात पाण्याची टाकी झाली, शाळेला खोली मिळाली की लोक सरसकट म्हणतात, "सीएसआरमधून झालं." पण खाणीच्या गावाला मिळणारा पैसा दोन वेगळ्या वाटांनी येतो. त्यातल्या एकीवर गावाचा हक्क आहे, हे बहुतेकांना कोणी सांगतच नाही.

सीएसआर म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मध्ये ती आली आणि १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. कंपनीचं नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं ते) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली एक पायरी जरी ओलांडली तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजासाठी खर्च करावी लागते. कशावर आणि कुठे, हे कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं. आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असं कायदा म्हणतो, पण अमुक गावालाच द्या असं म्हणत नाही.

दुसरी वाट म्हणजे जिल्हा खनिज प्रतिष्ठान, त्यातला पैसा म्हणजेच खनिज निधी. २०१५ साली खाण कायद्यात दुरुस्ती झाली आणि खाणीमुळे बाधित होणाऱ्या माणसांसाठी, भागासाठी खाणकामाची झळ बसलेल्या प्रत्येक जिल्ह्यात असा न्यास (ट्रस्ट) हवा असं ठरलं. महाराष्ट्राचे नियम २०१६ मध्ये आले. इथे नफ्याचा प्रश्नच येत नाही. जमिनीतून खनिज निघालं, त्याबद्दल सरकारला द्यायची रॉयल्टी भरली, की तिच्यावर ठरावीक टक्के या न्यासात जमा करायचे. कोळसा, लोहखनिज अशा मोठ्या खनिजांच्या जुन्या खाणपट्ट्यांना (खाणीसाठी भाड्याने दिलेल्या जमिनींना) रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावाने दिलेल्यांना १० टक्के. आपल्याकडचा दगड, मुरूम म्हणजे गौण खनिज, त्याचा दर राज्य ठरवतं आणि महाराष्ट्रात तो १० टक्के आहे. २०२१ साली दगडाची रॉयल्टी ब्रासला (१०० घनफुटांना) ४०० वरून ६०० रुपये झाली. त्या दराने १०० ब्रास दगडाचे ६०,००० रुपये रॉयल्टी आणि वर ६,००० रुपये प्रतिष्ठानाचे. खाणवाल्याला त्या वर्षी तोटा झाला असला तरी हे सुटत नाहीत.

पुण्यात हा फरक फारच महत्त्वाचा ठरतो. चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात वेस्टर्न कोलफील्ड्ससारखी मोठी कंपनी असते, तिथे दोन्ही वाटा एकाच खाणीतून निघतात. आपल्याकडच्या दगडखाणी बहुतेक एकट्यादुकट्या मालकाच्या किंवा भागीदारीतल्या. कलम १३५ फक्त कंपन्यांना लागू होतं, त्यामुळे अशा खाणवाल्यावर सीएसआरचं बंधनच नाही. गावातल्या शाळेवर एखाद्या आयटी किंवा वाहन कंपनीची पाटी दिसते, तिचा त्या खाणीशी काही संबंध नसतो. ती मदत चांगलीच आहे, पण सुरुंगाने भिंतीला गेलेल्या तड्यांची ती भरपाई नव्हे. खाणीच्या बदल्यात गावासाठी बाजूला पडणारा पैसा प्रतिष्ठानात असतो.

आणखी एक गोंधळ मला धोक्याचा वाटतो. क्रशरवर पाणी मारणं, भुकटी अडवायला पत्रे लावणं, झाडांचा पट्टा राखणं या परवानगीच्या अटी आहेत. सीएसआरच्या २०२१ च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिलंय की दुसऱ्या कायद्याने बंधनकारक असलेलं काम सीएसआरमध्ये धरता येणार नाही. म्हणजे प्रतिष्ठानाला भरलेली रक्कमही कुठल्या कंपनीला सीएसआर म्हणून दाखवता येत नाही. कोणी गावसभेत रस्त्यावर पाणी मारल्याचं श्रेय मागितलं, तर त्याला तिथेच अडवावं.

विचारायचं कोणाला, हेही त्यामुळे बदलतं. कंपनीने सीएसआर समिती, धोरण आणि मंजूर प्रकल्प आपल्या संकेतस्थळावर टाकणं बंधनकारक आहे. ते वाचून अर्ज करता येतो, पण होकार-नकार तिचा. प्रतिष्ठानाचं तसं नाही. तो शासनाने स्थापलेला न्यास आहे, माहिती अधिकारात हिशेब मागता येतो. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेत, सोबत ग्रामसभेचा ठराव. पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण यांना केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत अग्रक्रम आहे. म्हणून ठरावात दवाखाना किंवा पाणी आधी मागा, कमान आणि सभामंडप नको.

ग्रामसभेपुढची खरी अडचण वेगळी आहे. खाणीच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांत राहणारी मजूर कुटुंबं बऱ्याचदा बाहेरगावची असतात. धूळ सगळ्यात जास्त त्यांच्याच छातीत जाते, पण गावच्या मतदार यादीत नाव नसलं की ग्रामसभेत त्यांच्या बाजूने हात वर होत नाही. ठराव लिहिताना त्यांच्या वस्तीचं नाव, तिथल्या मुलांची संख्या आणि पाण्याचा टँकर कुठे थांबतो हे लिहून घ्यायला हवं, आणि ते काम गावालाच करावं लागेल.