आवाज नको, छाती पाहा

लहान मुलाला सर्दी झाली की रात्री घरभर त्याच्या श्वासाची घरघर ऐकू येते आणि आई-बाबांची झोप उडते. खरं तर ही घरघर बहुतेक वेळा नाकात आणि घशात साचलेल्या शेंबडाची असते. मोठी माणसं खाकरून घसा मोकळा करतात, दीड वर्षाच्या मुलाला ते जमत नाही. घरघरत का होईना, पण खेळतंय, दूध पितंय, अशा मुलाची सहसा काळजी नसते. उलट एखादं मूल फारसा आवाज न करता अंथरुणावर मलूल पडून असतं आणि त्याची छाती प्रत्येक श्वासाला आत ओढली जात असते. त्याला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यायला हवं.

म्हणून पहिली गोष्ट: मुलाचा सदरा वर करा, दिवा लावा आणि छाती-पोट नीट दिसेल असं बघा. मूल शांत असावं, झोपलेलं असेल तर उत्तमच. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. असे श्वास घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचा मोह होतो, पण लहान मुलांचा श्वास एका लयीत चालत नाही आणि मोजण्यातली एक चूकही चौपट होते.

दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाचे मिनिटाला 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात 50 किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत 40 किंवा अधिक श्वास म्हणजे श्वास जलद चाललाय, असं जागतिक आरोग्य संघटना मानते. या आकड्यांमागे पापुआ न्यू गिनीत झालेलं काम आहे. खोकणाऱ्या शेकडो मुलांपैकी न्यूमोनिया कुणाला झालाय, हे एक्स-रे नसलेल्या ठिकाणी ओळखायचं कसं, हा तिथल्या डॉक्टरांपुढचा प्रश्न होता. फ्रँक शान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये दाखवून दिलं की, श्वासांची गती आणि छातीचं आत ओढलं जाणं या दोन खुणा त्यासाठी फार उपयोगी पडतात. त्या ओळखायला यंत्र लागत नाही, म्हणजे घरातलं कुणीही त्या पाहू शकतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

तापातही श्वास वाढतो. ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. तरीही आकडा चढाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पण छाती ओढली जात असेल तर ताप उतरायची वाट पाहायची नाही.

छाती ओढली जाते म्हणजे नेमकं काय होतं? श्वास घेताना निरोगी मुलाचं पोट आणि छाती दोन्ही बाहेर येतात. फुफ्फुसं कडक झाली किंवा श्वासनलिका अरुंद झाल्या की हवा आत घ्यायला जास्त जोर लावावा लागतो. लहान मुलांच्या बरगड्या लवचीक असतात, त्यामुळे त्या जोराने छातीचा खालचा भागच आत जातो. पोट वर आणि बरगड्यांखाली खड्डा, असं दिसतं. मानेच्या खालच्या खळगीतही तसाच खड्डा पडतो.

मुलांची अवस्था इतक्या लवकर का बिघडते, याचं उत्तर श्वासनलिकेच्या आकारात आहे. संथ वाहणाऱ्या हवेला नळीत होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. 4 मिलिमीटर व्यासाच्या नळीला आतून सगळीकडे 1 मिलिमीटर सूज आली तर विरोध 16 पट होतो. 8 मिलिमीटरच्या नळीत तेवढीच सूज आली तर तो जेमतेम तिप्पट होतो.

नाकपुड्या फुलतात, श्वासागणिक डोकं हलतं, या खुणाही त्याच कष्टाच्या. प्रत्येक श्वास सोडताना मूल बारीक कण्हत असेल तर ते विशेष गंभीर. फुफ्फुसातले छोटे फुगे मिटू नयेत म्हणून मुलाचं शरीर घसा अर्धवट बंद करून हवा अडवून धरतं, त्याचा तो आवाज असतो. मूल शांत असतानाही श्वास आत घेताना कर्कश आवाज येणं किंवा ताप-सर्दी काहीच नसताना खेळता खेळता एकदम ठसका लागून श्वास बिघडणं, यातही थांबायचं नाही. दुसऱ्या प्रकारात काहीतरी श्वासनलिकेत अडकलेलं असू शकतं.

सगळ्यात फसवी वेळ नंतर येते. तासन्‌तास धापा टाकणारं मूल अचानक शांत होतं, श्वास मंदावतो, खड्डेही कमी दिसतात. घरच्यांना वाटतं, उतार पडला. खरोखर उतार पडलेलं मूल डोळे उघडून पाहतं, काहीतरी मागतं, दूध पितं. उठवूनही नीट न उठणारं मूल थकलेलं असतं, त्याचे स्नायू हरत आलेले असतात. जीभ किंवा ओठ निळसर-राखाडी दिसणं, श्वास मध्येच थांबणं, दमामुळे पिताच न येणं, आकडी येणं, यांपैकी काहीही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरी असेल तर त्याच्यावर विसंबू नका. मोठ्यांसाठीची क्लिप इवल्याशा, हलणाऱ्या बोटावर नीट बसत नाही. आकडा चांगला आला आणि बरगड्या ओढल्या जात असतील, तर बरगड्यांवर विश्वास ठेवा.

दोन वर्षांखालच्या मुलांना विषाणूंमुळे होणारा ब्राँकियोलायटिस, म्हणजे फुफ्फुसातल्या बारीक श्वासनलिकांची सूज, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त त्रास देतो. म्हणून दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ठीक आहे म्हटलं, तरी चौथ्या दिवशी सदरा पुन्हा वर करून पाहायचा. दम लागलेल्या मुलाला आडवं निजवून बळेच काही भरवू नका, त्याला जसं बसून बरं वाटतं तसं मांडीवर घ्या. निघण्याआधी जमलं तर श्वासाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. दवाखान्यात मूल रडायला लागलं की मोजणं अवघड होतं, तेव्हा डॉक्टरांना तो उपयोगी पडतो. पण मूल निळं पडत असेल तर त्यातही वेळ घालवू नका.