शुक्राणूंवर उलटणारी प्रतिपिंडे

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये १९०० साली संशोधक मेटालनिकॉफ यांनी गिनीपिगला गिनीपिगचेच शुक्राणू टोचले. त्याच्या रक्तात प्रतिपिंडे (शरीर परक्या वाटणाऱ्या गोष्टींविरुद्ध बनवते ती प्रथिने) तयार झाली आणि काचपात्रात त्या रक्तद्रवाने शुक्राणू मरू लागले. प्राण्याच्या अंगातले शुक्राणू मात्र जिवंतच! शरीर स्वतःवर उलटत नाही असे मानणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांच्या हे पथ्यावरच पडले. रक्तात प्रतिपिंडे असणे वेगळे आणि त्यांनी नुकसान करणे वेगळे, हा पेच तेव्हापासूनचा.

आपलेच शुक्राणू परके का वाटावेत? ते वयात आल्यावर तयार होतात. आपले-परके ओळखायला रोगप्रतिकारक यंत्रणा त्याच्या बरीच आधी शिकलेली असते. म्हणून वृषणातल्या सर्टोली पेशी एकमेकींना घट्ट बिलगून आडोसा धरतात. मार, जंतुसंसर्ग किंवा नसबंदीनंतर शुक्राणू बाहेर झिरपले, की प्रतिपिंडे तयार होऊ शकतात.

१९५४ साली ॲमस्टरडॅमचे र्‍युम्के आणि अमेरिकेतले विल्सन यांनी, एकमेकांच्या नकळत, मूल न होणाऱ्या काही पुरुषांच्या रक्तात शुक्राणूंचे पुंजके करणारी प्रतिपिंडे दाखवली. कारण सापडले असे वाटून रक्ततपासण्यांचे पेव फुटले. पण नसबंदी झालेल्या निम्म्याहून अधिक पुरुषांत ही प्रतिपिंडे आढळतात, आणि नळी पुन्हा जोडल्यावर त्यांतले अनेक जण बाप होतात. नुसत्या रक्तावर निदान करणे घाईचेच होते.

खरे चित्र दिसले ते शुक्राणूंकडेच पाहिल्यावर. गर्भाशयमुखाच्या चिकट स्रावात प्रतिपिंडे चिकटलेले शुक्राणू पुढे सरकत नाहीत, जागच्या जागी थरथरतात. १९७८ साली नेदरलँड्समध्ये अशी प्रतिपिंडे शोधणारी ‘मार’ (MAR) चाचणी आली. तिच्यात प्रतिपिंडे चिकटलेल्या पोहणाऱ्या शुक्राणूंना सूक्ष्म कण चिकटतात आणि शुक्राणू ते ओढत नेताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. असे किती, ते मोजायचे. निम्म्याहून अधिक असतील तर दखल घ्यायची, असा संकेत रूढ झाला.

उपचारांत स्टिरॉइडचे मोठे डोस देऊन पाहिले. फायदा बेताचा, काहींचा खुब्याचा सांधाच निकामी झाला. मग १९९२ साली ब्रसेल्समधून ‘इक्सी’ (ICSI) या गर्भधारणेच्या तंत्राची बातमी आली. एक शुक्राणू थेट अंड्यात सोडायचा म्हटल्यावर थरथरण्याचा प्रश्नच उरला नाही. प्रतिपिंडे होती तिथेच राहिली, फक्त त्यांना वळसा घातला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वीर्यतपासणी पुस्तिकेतही ‘मार’ चाचणी सरसकट करायच्या तपासण्यांत नाही, विस्तारित तपासण्यांत आहे.