चिनी मातीच्या फरश्यांपासून फॉर्म्युला वनपर्यंत: वॉटर-स्लाइड डेकलची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये खऱ्या गाडीवर पट्टे मारायचे किंवा नाव टाकायचं असलं की रेडियमवाला गाठायचा. तो व्हिनाइल कापतो, मागचा कागद सोलतो, दाबून चिकटवतो, की झालं काम. तसलंच स्टिकर 1:24 च्या मॉडेलवर लावून बघा. जाडी फक्त 0.1 मिलिमीटर धरली, तरी खऱ्या गाडीच्या हिशेबाने ती 2.4 मिलिमीटर होते, म्हणजे बॉनेटवर सनमायकाचा तुकडा डकवल्यासारखं दिसणार. दाराच्या फटीत ते उतरत नाही आणि गोलाईवर त्याच्या कडा सुटतात. म्हणून स्केल मॉडेल करणारे आजही डेकलच वापरतात, म्हणजे अगदी पातळ फिल्मवर छापलेलं, पाण्यात भिजवून कागदावरून मॉडेलवर सरकवायचं चित्र.

हे तंत्र मॉडेलवाल्यांनी शोधलेलं नाही. चिनी मातीची भांडी करणारे, छापखानेवाले आणि बग्ग्या रंगवणारे यांच्या हातांतून फिरत ते इथवर आलं. डेकल लावताना आपण ज्या पायऱ्या पाळतो, त्यांतल्या बहुतेकींची कारणं या जुन्या धंद्यांत सापडतात. ती माहीत असली तर हात घाई करत नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात लिव्हरपूलपासून करू. 27 जुलै 1756 रोजी तिथल्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी सकाळी नऊ ते दुपारी तीन या सहा तासांत बाराशेहून जास्त फरश्यांवर चित्रं छापली, तीही दुसऱ्या कुणाची मदत न घेता. तसं प्रतिज्ञापत्रच त्यांनी करून ठेवलं. त्याआधी प्रत्येक फरशीवर कारागीर कुंचल्याने चित्र काढायचा. छापायचं एका ठिकाणी, चित्र बसवायचं दुसऱ्या ठिकाणी आणि मधला वाहक नंतर काढून टाकायचा, ही कल्पना या धंद्यात पक्की झाली. आपण करतो ते याहून वेगळं नाही.

पुढची भर बव्हेरियातून आली. आलोइस झेनेफेल्डरने 1796 च्या सुमारास लिथोग्राफी, म्हणजे चुनखडीच्या दगडावरून छपाई, साधली. तेलकट शाई आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्याच तत्त्वावर ती चालते. 1837 मध्ये गोडफ्रॉय एंगेलमनने रंगीत लिथोचं पेटंट घेतलं आणि एकेक रंग स्वतंत्र दगडावरून चढवता येऊ लागला. आपल्याकडे घरोघरी लागलेल्या रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती याच पद्धतीच्या. त्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसचं काम 1925 मध्ये सुरू झालं, आणि 1929 ची हवाई टपालाची तिकिटं तिथे लिथोनेच छापली गेली. त्यांच्यावर डी हॅविलंड हर्क्युलिस विमान आहे. जुनी तिकिटं जमवणाऱ्याला डेकल शिकवावंच लागत नाही. पाकिटाचा तुकडा पाण्यात ठेवायचा, डिंक सुटेपर्यंत थांबायचं, ओढायचं नाही, हे त्याच्या बोटांना आधीच माहीत असतं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कागदावर छापून वस्तूवर उतरवायची अशी चित्रं, म्हणजे ट्रान्स्फर, बग्ग्या, सायकली आणि शिलाई मशीनवर सर्रास दिसू लागली. सिंगरच्या काळ्या मशीनवरची सोनेरी नक्षी आठवा, ती ट्रान्स्फरचीच. मात्र त्या काळी बरीचशी ट्रान्स्फर उलटी लावत. चित्राच्या तोंडावर व्हार्निश फासायचं, ते थोडं चिकट झालं की चित्र पालथं दाबायचं, मग मागचा कागद ओला करून सोलायचा. त्यामुळे छपाईही उलट्या क्रमाने व्हायची: आधी बारीक रेघा, शेवटी पांढरा थर. वॉटर-स्लाइडमध्ये हा क्रम सुलटा झाला. कागदावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर, त्यावर चित्राला धरून ठेवणारी पारदर्शक लॅकरची फिल्म, आणि रंगांच्या खाली पांढरा. चित्र उताणं असल्यामुळे जागेवर नेऊन ते इकडेतिकडे सरकवता येतं. हा बदल दिसायला लहान आहे, पण पाव मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी डोळ्याला खुपतं, अशा कामात सारं काही त्यावरच आहे.

खेळण्यातल्या गाड्यांपर्यंत हे पोचलं तेही लिव्हरपुलातच. मेकॅनो कंपनीच्या डिंकी मालिकेत 1934 मध्ये छोट्या डिलिव्हरी व्हॅन आल्या. एकाच साच्यातून काढलेल्या या गाड्या अंगावरच्या जाहिरातींच्या ट्रान्स्फरमुळे वेगळ्या ठरत: पिकफर्ड्स, ऑक्सो, मँचेस्टर गार्डियन. आज संग्राहक व्हॅनपेक्षा तिच्यावरचं ट्रान्स्फर किती शाबूत आहे ते आधी बघतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर सुटे भाग जोडून मॉडेल करायचे प्लास्टिकचे किट आले. एअरफिक्सचा फर्ग्युसन ट्रॅक्टर 1949 चा. अमेरिकेत एएमटीने 1958 पासून मोटारींचे 'थ्री-इन-वन' किट काढले. एकाच खोक्यातून कंपनीची मूळ गाडी, सजवलेली गाडी किंवा शर्यतीची गाडी, यांतली हवी ती करता यायची. टामियाने 1967 मध्ये 1:12 ची फॉर्म्युला वन होंडा आणली. या सगळ्यांबरोबर डेकल येत होती, पण तोवर त्यांच्यावर भिस्त नव्हती. शर्यतीच्या गाड्या देशाच्या रंगात असत: इंग्लंडचा हिरवा, इटलीचा लाल, फ्रान्सचा निळा. रंग मारला, गोलात आकडा लावला, की मॉडेल ओळखू यायचं.

1968 ने हे चित्र पालटलं. फॉर्म्युला वनमध्ये प्रायोजकांच्या जाहिरातींना मोकळीक मिळाली. त्या वर्षीच्या पहिल्याच शर्यतीत, दक्षिण आफ्रिकेत, गनस्टन सिगारेटच्या रंगातल्या गाड्या उतरल्या. मे महिन्यात स्पेनमध्ये लोटस संघानेही हिरवा रंग सोडून गोल्ड लीफ सिगारेटचा लाल-पांढरा-सोनेरी पोशाख चढवला. 1972 मध्ये तीच लोटस काळी-सोनेरी झाली, आणि त्या गाडीचं मॉडेल डेकलशिवाय उभंच राहू शकत नाही. काळ्या बॉडीच्या कडेकडेने जाणारी ती केसाएवढी सोनेरी रेघ ब्रशने मारायला सिद्धहस्त माणूस लागेल, तीही दोन्ही बाजूंना सारखी यायला हवी. माझ्या मते डेकल लावणं ही स्वतंत्र कला झाली ती इथून. सजावटीपुरतं असलेलं डेकल आता मॉडेलची ओळख ठरलं.

ओळखच ती म्हटल्यावर ते रंगवल्यासारखं दिसायला हवं. त्यासाठी दोन प्रकारची द्रावणं आली. मायक्रो सेटसारखं सौम्य आम्लाचं द्रावण आधी पृष्ठभागावर लावतात. त्याने डेकल नीट पसरतं आणि चिकटतं. मायक्रो सॉल किंवा मिस्टर मार्क सॉफ्टर फिल्मच मऊ करतं. हे लावल्यावर काही मिनिटं डेकल सुरकुततं आणि सगळं हातचं गेलं असं वाटतं. त्या वेळी त्याला बोटही लावायचं नाही. ते आपोआप ताणलं जाऊन दाराच्या फटीत, रिव्हेटच्या टोकावर बसतं. खालचा रंग मॅट असेल तर त्याच्या खडबडीतपणात हवा अडकते आणि वाळल्यावर फिल्मखाली चंदेरी डाग दिसतात, म्हणून आधी ग्लॉस क्लिअरचा, म्हणजे चकचकीत पारदर्शक लॅकरचा हात.

आपल्याकडची दोन पथ्यं यात घालायला हवीत. बोअरचं पाणी जड असेल तर डेकल वाळल्यावर कडेने पांढरट क्षार उमटतात, तेव्हा आरओचं किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्यावं. आणि डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा उतरला की नळाच्या पाण्यात डिंक सुटायला फार वेळ लागतो, म्हणून पाणी कोमट हवं. चित्र नुसतं बुडवून काढायचं, मिनिटभर टिश्यूवर ठेवायचं आणि ओल्या ब्रशने टेकवून बघायचं. आपसूक हललं तरच सरकवायचं. जास्त वेळ पाण्यात राहिलं तर सगळा डिंक धुऊन जातो.

युरोपात 2005 पासून तंबाखूच्या प्रायोजकत्वावर बंदी आली. किट बनवणाऱ्यांनी ती नावं खोक्यांतून काढून टाकली, आणि ऐतिहासिक गाडी हुबेहूब करायची तर डेकल वेगळं विकत घेणं आलं. लहान डेकल-छपाईवाल्यांचा धंदा याने वाढला.

आपली पंचाईत वेगळी आहे. सातपूरच्या कारखान्यातून 2002 पासून रस्त्यावर आलेली स्कॉर्पिओ करायची, तिला एमएच-15 ची पाटी लावायची, तर तसं डेकल कुणी छापून ठेवलेलं नाही. डेकलचा कोरा कागद मागवून घरी छापता येतं. लेझरची छपाई पाण्यात टिकते. इंकजेटची शाई विरघळते, तिच्यावर आधी क्लिअर लॅकरचे दोन-तीन पातळ हात मारावे लागतात. पण घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. लिथोच्या कारागिरांनी रंगांच्या पाठीशी पांढरा थर का दिला, ते गडद रंगावर डेकल लावलं की लगेच कळतं: पिवळा दिसेनासा होतो, लाल तपकिरी पडतो. जपानच्या आल्प्स कंपनीचे एमडी प्रिंटर पांढरा आणि धातूचे रंग छापायचे, पण ते बनणं कधीच थांबलं. तेव्हा पाटीपुरता पांढऱ्या फिल्मचा कागद घ्यावा, कडा नव्या ब्लेडने कापाव्यात आणि कापलेली पांढरी धार काळ्या मार्करने झाकावी.