स्वयंपाकाची हौस आली कुठून?

घरी स्वतःच्या हातानं काहीतरी रांधावं, चार जणांना जेवायला बोलवावं आणि त्यांनी पुन्हा वाढून घेतलं की मनातून सुखावावं, यात आज कुणाला नवल वाटत नाही. पण मराठी घरांपुरतं पाहिलं तर हे सुख सर्रास दिसू लागलं ते गेल्या पन्नास-साठ वर्षांत. त्याआधीही लोक खाण्याचे शौकीन होतेच. फक्त हौस एकाची असे आणि हात दुसऱ्याचे.

या हौसेचा जुना आणि तपशीलवार पुरावा राजाच्या मुदपाकखान्यात सापडतो. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला तिसरा सोमेश्वर याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे, 1130च्या आसपासचा. त्यातल्या ‘अन्नभोग’ या भागात मांडे आहेत, वडे आहेत, मासे आहेत आणि शेतातले उंदीर भाजून खायची कृतीही आहे. मिरची, बटाटा, टोमॅटो यांचा पत्ता नाही. ते फार नंतर, पोर्तुगीजांच्या काळात आले. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ लिहिलं. त्यात पदार्थांबरोबर त्यांचे गुणदोषही सांगितले आहेत. दोन्ही ग्रंथ वाचायला रसाळ आहेत, पण ते ताटाच्या बाजूनं लिहिलेले आहेत. चुलीच्या बाजूनं लिहायला कुणाला सवड नव्हती.

चुलीच्या बाजूला काय होतं? पहाटे जातं, मग पाणी, मग सरपण, मग चूल. फुंकणीनं फुंकून डोळ्यांतून पाणी काढायचं, जमिनीवर उकिडवं बसून भाकऱ्या थापायच्या, पाट्यावर वाटण वाटायचं. ब्राह्मणी घरांत वर सोवळ्याची भर. अनेक घरांत हे सगळं एखाद्या विधवा आत्याच्या किंवा काकूच्या गळ्यात पडे, आणि तिच्या हाताला चव आहे असं म्हटलं की घरच्यांचं कर्तव्य संपे. बायकांना या कष्टांत आनंद मिळतच नव्हता असं नाही, पण तो पदार्थातून नव्हे, गाण्यातून मिळत असावा असं मला वाटतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत माहेर आहे, भाऊराया आहे, विठ्ठल आहे, सासुरवास आहे. दळणाचं कौतुक त्या मानानं थोडं. पिठाची गिरणी आली आणि तो जाच गेला; ओव्याही गेल्या, याची हळहळ प्रामुख्यानं ज्यांनी कधी दळलं नाही त्यांनाच वाटते.

छापील पाककृती मराठीत आल्या त्या एकोणिसाव्या शतकात. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ 1875चं. मग 1910मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र’ आलं, हजार पाकक्रियांचं. लिहिणारी बाई, वाचणारीही बाई, हा बदल मोठा होता. आई-सासूच्या हाताखाली शिकायचं तर पुस्तक कशाला लागतं? ते लागलं, कारण नवऱ्याच्या नोकरीपायी बिऱ्हाडं मुंबईला, नागपूरला, परप्रांतात निघाली आणि मीठ किती घालायचं हे विचारायला घरात दुसरं कुणी उरलं नाही.

या प्रश्नाचं खरं उत्तर 1970 साली मिळालं. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि लाखांच्या घरात खपलं. जेमतेम चौथीपर्यंत शिकलेल्या या बाईंनी शेर, छटाक, ग्रॅम बाजूला ठेवले आणि घरातली वाटी व चमचा हेच माप धरलं. ‘अंदाजानं घाल’ या सासरच्या जुन्या उत्तराला ती मोठी चपराक होती. मापाचा धाक गेला की माणूस धिटावतो. नवी लग्न झालेली मुलगी परप्रांतातला एखादा पदार्थ आपणहून करून बघायला लागली, तो घरच्या रोजच्या जेवणात नसला तरी. हौस म्हणतात ती हीच. अर्थात दोनच वर्षांनी दुष्काळ आला आणि रेशनवरच्या तांबड्या मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकऱ्या थापायची पाळी घरोघर आली. तिथे वाटी-चमचा काय करणार!

पुस्तकाच्या जोडीला इंधन बदललं नसतं तर हे सगळं कागदावरच राहिलं असतं. स्वीडनमध्ये 1892 साली निघालेल्या प्रायमस स्टोव्हनं चाळीतल्या एका खोलीत रांधणं शक्य केलं, पण त्याला पंप मारा, पिन घाला, भडक्याची भीती बाळगा. 1955मध्ये बर्मा शेल या तेल कंपनीनं मुंबईत सिलिंडरचा गॅस आणला. पुढे कित्येक वर्षं गॅसचा नंबर लागणं ही घरात पेढे वाटायची गोष्ट होती. साठ-सत्तरच्या दशकांत प्रेशर कुकर रुळला, सुमीत मिक्सर आला. परदेशी मिक्सरना आपलं ओल्या खोबऱ्याचं वाटण झेपत नसे. आणि ओटा. बाई उभी राहिली, खिडकीतून बाहेर बघू लागली, मधेच गॅस बारीक करून रेडिओ ऐकू लागली. मला विचाराल तर पाककृतींपेक्षा या ओट्याचा वाटा मोठा आहे.

पुरुषांचं काय? लग्नाकार्यात आचारी पुरुषच असत, वारीत आणि यात्रेतही पुरुष रांधत. घरात मात्र ते शिरले उशिरा, आणि शिरले ते रविवारच्या रश्श्यासाठी. सोमवारच्या डब्याची पोळी-भाजी आजही बहुतेक घरांत बाईच करते, किंवा कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून येते. खरं तर या केंद्रांनीच अनेक जणींना हौस परवडेल इतकी सवड दिली. रोजच्या वीस पोळ्या विकत आल्या की शनिवारी पुरणपोळीचा घाट घालावासा वाटतो.

खेड्यांत हे चक्र वेगळ्या वेगानं फिरलं. 2016च्या उज्ज्वला योजनेनं सिलिंडर लाखो घरांत पोचला, पण भरून आणायला पैसे लागतात. त्यामुळे पाहुण्यांच्या चहाला गॅस आणि भाकरीला चूल, अशी विभागणी अनेक घरांत दिसते. त्याच गावांबाहेरच्या हमरस्त्यावर ‘चुलीवरचं मटण’ अशा पाट्या लागल्या आहेत, आणि गॅसच्या ओट्यावर वाढलेली शहरातली मंडळी धुराच्या वासासाठी जास्त पैसे मोजून तिथे जेवतात. आत भाकऱ्या थापायला बसलेली बाई बहुधा त्याच गावची असते.