व्हील अलाइनमेंट : वेगवान रस्ता-मोटारीसाठी मापांची निवड

मोटारीच्या चाकांचे रस्त्याशी, गाडीच्या मध्यरेषेशी आणि एकमेकांशी असलेले कोन ठरवून घेण्याच्या कामाला व्हील अलाइनमेंट म्हणतात. कारखान्याची मापे टायर दीर्घकाळ टिकावा आणि नवख्या चालकाच्या हातीही गाडी सांभाळून राहावी अशा बेताची असतात. वळणांवर गाडीचा कस पाहणाऱ्या, पण रोज तीच गाडी कामावर नेणाऱ्या चालकाला त्यांत थोडा बदल मानवतो.

समोरून पाहता चाकाचा जो कल दिसतो तो कॅम्बर. वरची कड आत झुकलेली असल्यास तो ऋण मानतात. वळणावर गाडी बाहेर कलते, तसे बाहेरचे चाकही बाहेर झुकू लागते, आणि ऋण कॅम्बर आधीच दिलेला असेल तर ऐन भाराच्या वेळी टायरचा पट्टा रुंदीभर रस्त्याला टेकतो. मॅक्फर्सन स्ट्रटच्या (चाकाला वरून शॉक अॅब्सॉर्बरच धरून ठेवतो अशा सस्पेन्शनच्या) गाड्यांत हा कल आपोआप फारसा भरून निघत नसल्याने त्यांना डबल विशबोनपेक्षा (चाकाला वर-खाली दोन आडव्या भुजांनी धरणाऱ्या सस्पेन्शनपेक्षा) अधिक ऋण कॅम्बर लागतो. स्टीअरिंगचा अक्ष बाजूने पाहता मागे झुकलेला असतो, त्या कोनाला कास्टर म्हणतात. तो वाढवल्यास स्टीअरिंग काहीसे जड होते, पण गाडी सरळ धावते आणि चाक वळवताच बाहेरच्या बाजूला ऋण कॅम्बर वाढतो. म्हणून मिळेल तेवढा कास्टर दोन्ही बाजूंना सारखा घ्यावा.

खरी काळजी टोची घ्यावी लागते. वरून पाहता चाकांची पुढची टोके एकमेकांकडे वळलेली असली तर टो-इन, दूर वळलेली असली तर टो-आउट. सुमारे 600 मिमी व्यासाच्या टायरवर 0.1 अंशाचा टो म्हणजे जेमतेम 1 मिमी. तरीही त्या कोनाने धावणारे चाक दर किलोमीटरला पावणेदोन मीटर आडवे ओढले जाते. टायर आतल्या कडेने झिजला की दोष कॅम्बरला दिला जातो, पण रस्त्यावरच्या गाडीत बहुधा चुकलेला टोच कारणीभूत असतो. पुढे टो-आउट दिल्यास गाडी वळणात चटकन शिरते, मात्र सरळ रस्त्यावर भरकटते. मागच्या चाकांना टो-आउट देणे रस्त्यावर धोक्याचे आहे, कारण त्याने गाडीची शेपूट अस्थिर होते.

1989 साली आलेल्या माझदा एमएक्स-5 या स्पोर्ट्स मोटारीत चारही चाकांना डबल विशबोन असून खालच्या विशबोनच्या विकेंद्री (फिरवताच भुजा सरकवणाऱ्या) बोल्टांनी पुढे कॅम्बर आणि कास्टर, तर मागे कॅम्बर आणि टो बदलता येतो; पुढचा टो स्टीअरिंगच्या टाय रॉडने जुळवतात. अशा गाडीला रस्त्यासाठी पुढे उणे 1 ते उणे 1.5 अंश कॅम्बर, मागे त्याहून किंचित अधिक, कास्टर 5 अंशांच्या आसपास, पुढे शून्य टो आणि मागे अल्पसा टो-इन ही सुरुवात उत्तम ठरते. याउलट भारतातील अनेक छोट्या गाड्यांना मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी, पीळ घेणारी आडवी तुळई) असतो आणि पुढेही बहुधा टोच तेवढा जुळवता येतो. तेथे कॅम्बरसाठी वेगळे बोल्ट किंवा प्लेट बसवाव्या लागतात.

काम सुरू करण्यापूर्वी बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतील रबरी अस्तर), बॉल जॉइंट (गोळीचे सांधे) आणि टायरमधील हवेचा दाब तपासावा, आणि गाडी खाली बसवायची असल्यास ते आधी उरकावे, कारण उंची बदलली की सारे कोन बदलतात. शक्यतो चालकाच्या वजनाइतका भार त्याच्या आसनावर ठेवावा. माप मागच्या चाकांपासून घ्यावे, कॅम्बर आणि कास्टर आधी जुळवावेत, टो सर्वांत शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टोही हलतो. त्यानंतर काही शे किलोमीटर धावल्यावर टायरच्या पट्ट्यावरून तळवा आडवा फिरवावा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर टो पुन्हा पाहावा लागेल.