जास्त कोर आणि तेज कोर: त्या एका टक्क्याची गोष्ट

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी एक आर्किटेक्ट जळगावच्या माझ्या दुकानात तणतणत आले. "दादा, सीपीयू एक टक्का दाखवतोय आणि ऑटोकॅड जागचं हलत नाही. खराब मशीन गळ्यात मारलंय माझ्या." मशीन मी दिलेलं नव्हतं आणि खराबही नव्हतं. एएमडी कंपनीच्या ६४ कोरच्या थ्रेडरिपर प्रोसेसरचं (सीपीयूचं) होतं, व्यवस्थित जुळवलेलं. कोर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक गडी. घोळ त्या एका टक्क्यात होता. महिन्यातून तीनदा तरी हाच घोळ मला कुणाला ना कुणाला समजावावा लागतो, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

सहा-आठ कोरचा साधा डेस्कटॉप सगळ्यांनी वापरलाय, त्यावर वेळ घालवत नाही. कोर आणि थ्रेड यांतला फरकही एका वाक्यात उरकतो: बहुतेक ठिकाणी एक कोर दोन थ्रेड, म्हणजे कामाचे दोन धागे, सांभाळतो, त्यामुळे थोडं जास्त काम निघतं, दुप्पट कधीच नाही. इंटेलच्या १२व्या पिढीपासून, म्हणजे २०२१च्या शेवटापासून, बऱ्याच मॉडेलांत मोठे आणि लहान असे दोन जातींचे कोर एकाच चिपवर येतात. इंटेलच्याच १४९००केचे '२४ कोर' म्हणजे ८ मोठे आणि १६ लहान. झालं.

आता तो एक टक्का. ६४ कोर, म्हणजे १२८ थ्रेड. विंडोजचा टास्क मॅनेजर या १२८ जणांची सरासरी दाखवतो. एकच थ्रेड जीव तोडून राबत असेल तर आकडा येतो १००ला १२८ने भागून, म्हणजे ०.७८. पडद्यावर तो एक टक्का दिसतो. एक जण घामाघूम, बाकीचे ओट्यावर गप्पा मारत बसलेले, आणि मालकाला वाटतं शेत रिकामंच आहे. ऑटोकॅड बहुतेक काम एकाच थ्रेडवर करतं, हे ते बनवणारी ऑटोडेस्क कंपनी स्वतः सांगते. तिथे ६३ कोर नुसते बघे.

आमच्याकडे आखाजीला खापरावर पुरणाचे मांडे होतात. गोळा हातावर फिरवत फिरवत वाढवायचा, उपड्या खापरावर अलगद सोडायचा. घरात चार जावा आणि चार खापरं असली तर तासाला चौपट मांडे निघतील. पण दारात आलेल्या पाहुण्याला पहिला मांडा हवा असेल, तर तो चार जावांनी चौघीत वाटून करता येत नाही. त्याला हात लागतो तो एकाच सुगरणीचा, आणि तिचा हात किती चालतो यावर सगळं. रेंडर (मॉडेलवरून तयार चित्र काढणं) म्हणजे शंभर मांडे. ड्रॉइंगमधली एक कमांड म्हणजे पाहुण्याचा पहिला मांडा.

आकड्यांत बघायचं तर एकाच पिढीतले दोन एएमडी घ्या, म्हणजे गिगाहर्ट्झची तुलना प्रामाणिक होते. रायझन ७९५०एक्स: १६ कोर, मूळ वेग ४.५, बूस्ट (जास्तीत जास्त वेग) ५.७ गिगाहर्ट्झ, १७० वॅट. थ्रेडरिपर ७९८०एक्स: ६४ कोर, मूळ ३.२, बूस्ट ५.१, ३५० वॅट. एका थ्रेडच्या कामात कित्येक पट महागडं मशीन स्वस्तापेक्षा साधारण दहा टक्के मागे पडतं. बूस्टचा आकडा मोजकेच कोर जागे असतानाचा. सगळे जुंपले की वीज आणि उष्णता वाटून घ्यावी लागते, वेग खाली येतो. तरीही दुकानात येऊन "६४ गुणिले ५.१" करणारे भेटतात. त्यांना मी चहा देतो, कोटेशन देत नाही.

बरं, काम वाटता येतं म्हणजे पूर्ण वाटता येतं असंही नाही. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅम्डालने १९६७ साली मांडलेला हिशेब आजही तसाच लागू पडतो. कामाचा दहावा भाग एकामागून एकच होणारा असेल, तर १६ कोरवर ते काम ६.४ पट लवकर होतं आणि ६४ कोरवर ८.८ पट. कोर चौपट, फायदा दीडपटही नाही. कोर कितीही वाढवा, दहापटीच्या पुढे जाता येत नाही. आधी पुरण शिजायला हवं ना! खापरं दहा मांडली तरी पातेलं एकच.

मेमरीचंही तसंच. ७९५०एक्सला मेमरीकडे जायच्या दोन वाटा (चॅनेल), ७९८०एक्सला चार. म्हणजे एका चॅनेलवर पहिल्यात आठ कोर, दुसऱ्यात सोळा. मेमरीतून सारखा डेटा ओढणारं काम असेल तर नळावर रांग लागते. २०१८च्या थ्रेडरिपर २९९०डब्ल्यूएक्समध्ये तर ३२पैकी निम्म्या कोरांना स्वतःचा नळच नव्हता, शेजाऱ्याकडून पाणी आणायचं. शिवाय विंडोज ६४ थ्रेडचा एक गट करतं. विंडोज ११च्या आधी जुनं सॉफ्टवेअर एकाच गटात अडकायचं, आणि १२८ थ्रेडच्या मशीनचा अर्धा भाग ते बघतही नसे.

मग ६४ कोर घ्यायचेच नाहीत का? ब्लेंडर किंवा व्ही-रे अशा थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सीपीयूवर दिवसभर रेंडर करत असाल तर डोळे मिटून घ्या, तिथे पैसा वसूल होतो. लग्नाच्या व्हिडिओवाल्यांनी मात्र थांबावं; तुमचं बरंचसं डीकोड-एन्कोड (व्हिडिओ उलगडणं आणि परत आवळणं) ग्राफिक्स कार्ड किंवा इंटेलच्या चिपमधलं क्विक सिंक करतं. एक्सेल २००७पासून फॉर्म्युले अनेक थ्रेडवर मोजतं, पण मॅक्रो (एक्सेलमध्ये लिहिलेले छोटे प्रोग्रॅम) एकाच थ्रेडवर.

आणि खरी चीड येते ती इंटेलच्या जुन्या झिऑन प्रोसेसरची. सर्व्हरमधून काढलेला ई५-२६८० व्ही४, २०१६चा, '१४ कोर वर्कस्टेशन' म्हणून ड्राफ्टिंगवाल्या पोरांना विकतात. बूस्ट ३.३ गिगाहर्ट्झ, तोही जुन्या पिढीचा, १२० वॅट. सहा कोरचा, ६५ वॅटचा इंटेलचाच आय५-१२४०० ऑटोकॅडमध्ये त्याला सहज मागे टाकतो. सांगितलं तर उत्तर ठरलेलं: "नाही भाऊ, माले चौदाच जोयजे." म्हणजे मला चौदाच हवेत.

आपल्याकडे अजून एक हिशेब धरावा लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५वर असतो. प्रोसेसरवरचा कूलर खोलीतलीच हवा फेकणार, खोलीपेक्षा थंड कुठून आणणार? ३५० वॅटचा प्रोसेसर म्हणजे टेबलाखाली छोटा हीटर. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट झेपवतो, म्हणजे नुसत्या प्रोसेसरमध्येच संपला.

त्या आर्किटेक्टांना मी मशीन विकायला लावलं नाही. ड्रॉइंगसाठी आठ कोरचा, जास्त बूस्टचा एक साधा डबा जुळवून दिला, ६४वालं रेंडरला ठेवलं. ते आता रात्री दहानंतरच चालू करतात, कारण दिवसा एसी आणि ते दोन्ही एकदम लावलं की एमसीबी पडते.